सपाटरावांना न लागलेली टाळी

मार देणं कुणालाही जमतं हो. हात आहे, राग आहे, समोर गाल आहे, झालं काम. मार खाणं ही मात्र विद्या आहे, आणि त्यातही न बसलेला मार खाणं म्हणजे तर तपश्चर्याच. ती सपाटरावांनी केली होती. थरारपटातल्या नायकाचा ठोसा त्यांच्या नाकापासून चांगला हातभर लांबून जायचा, आणि तरी सपाटराव मागच्या मागे उडून टेबलावर, टेबलावरून पिंपावर आणि पिंपासकट जिन्यावरून खाली जायचे. गोळी लागली तर विचारूच नका. पिस्तुलाच्या एका गोळीने ते दोन खोल्या ओलांडून अंगणात पडल्याचं लोकांनी पडद्यावर पाहिलं होतं आणि शिट्ट्या मारल्या होत्या. त्यांचं खरं नाव आता कुणाला आठवत नव्हतं. स्टुडिओत कुणीतरी भुईसपाट म्हणायला लागलं, पुढे वयाचा मान म्हणून त्याचं सपाटराव झालं, आणि शेवटी बायकोसुद्धा पाहुण्यांसमोर "आमचे सपाटराव" म्हणायला लागली.

पडून झालं की धुरळा खाली बसायच्या आत कुणीतरी विचारायचं, "लागलं का हो?" आणि सपाटराव जिथे असतील तिथून, पिंपाखालून म्हणा, काचांच्या ढिगातून म्हणा, ओरडायचे, "छे! कुठे काय!" हा त्या धंद्याचा शिष्टाचार. लागलं म्हणणाऱ्याला पुन्हा कोण बोलावतो? मनगट मोडलं तेव्हाही ते "छे!"च म्हणाले होते, फक्त जरा वरच्या पट्टीत.

आता अडचण अशी, की जन्मभर हेच करत आल्यामुळे अंग मालकाला विचारेनासं झालं. समोर हात उचलला गेला की सपाटराव उडाले. हात कुणाचा, कशासाठी उचलला, ही चौकशी पडल्यावर. त्यामुळे घरात सगळे हात खाली ठेवून वागत. वरच्या फळीवरचा डबा काढायचा तर बायको ते अंघोळीला जायची वाट बघे. न्हावी त्यांचे केस आरशावर टॉवेल टाकून कापे. लेक बबडी पहिल्यांदा शाळेला निघाली तेव्हा तिने गाडीतून बाबांना टाटा केला, आणि बाबा चपलांच्या कपाटात गेले. पोर रडून रडून अर्धी झाली. तेव्हापासून घराबाहेर पडताना ती दोन्ही हात पाठीमागे धरून नुसती मान हलवायची आणि "येते" म्हणायची. बाकीच्या बापांना टाटा मिळायचा, सपाटरावांना मान. त्यांना त्याचं फार वाईट वाटायचं, पण सांगणार कुणाला? ज्याला सांगावं तो हसायचा.

तर अशी ही बबडी मोठी झाली, नोकरीला लागली, आणि तिने आपलं लग्न आपणच जमवत आणलं. तिच्या ऑफिसची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. ती सोडवायला आलेला मेकॅनिक वरून आत डोकावून म्हणाला, "घाबरू नका, मी आहे ना." बबडी म्हणाली, "मी कुठे घाबरलेय? तुमचा पान्हा माझ्या डोक्यात पडतोय, तो आधी सांभाळा." त्यानंतर ती लिफ्ट फारच वारंवार बिघडायला लागली. पोरगा सरळ होता, आणि त्याचा बाप तर त्याहून सरळ. बाप घड्याळजी. बाजारातल्या गल्लीत हातभर रुंदीचं दुकान, डोळ्याला भिंग, चिमट्यात केसाएवढा स्क्रू. जन्मात कधी आवाज चढवला नाही. स्वतः शिंकला तर समोरच्याची माफी मागणारा माणूस.

हे घड्याळजी बायको-मुलाला घेऊन बोलणी करायला आले. सपाटरावांच्या बायकोला सकाळपासून एकच चिंता. पहिल्याच भेटीत व्याह्यांना कसं सांगायचं, की बाबा रे, आमच्या घरात हात वर करू नका? म्हणून तिने युक्ती काढली. पाहुण्यांचा एकही हात मोकळा राहू द्यायचा नाही. आधी पाण्याचे पेले दिले, मग चहाचे कप, कप संपले तशी बिस्किटांची बशी, आणि बशी संपायच्या आत बबडीच्या लहानपणीच्या फोटोंचा हा जाडजूड अल्बम. घड्याळजी बिचारे जे येईल ते धरून बसत होते.

बोलणी अशी होतीच किती! देणंघेणं नाही, मानपान नाही, साधं रजिस्टर लग्न, पुढच्या महिन्यात. घड्याळजींना आनंद मावेना. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना काहीतरी जोरात करावंसं वाटलं. त्यांनी अल्बम बाजूला ठेवला, उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मग व्याहीबुवा, ठरलं तर! द्या टाळी!" आणि उजवा हात वर केला.

"अहो नको!" बायको किंचाळली, पण वेळ निघून गेली होती. सपाटराव खुर्चीसकट मागे गेले. चहाचा ट्रे उडाला. पाठीमागचं काचेचं कपाट खळ्ळकन फुटलं, ते फोडून सपाटराव पलीकडच्या खिडकीत गेले आणि तिथे अडकले, पाय आत आणि बाकीचे बाहेर. खोलीच्या मधोमध घड्याळजी तसेच उभे, हात वर. टाळी लागलीच नव्हती.

"लागलं का हो?" लिफ्टवाल्या पोराने घाबऱ्या आवाजात विचारलं.

"छे! कुठे काय!" खिडकीबाहेरून आवाज आला.

तेवढ्यात आवाज ऐकून शेजारच्या शिंपीणबाई धावत आल्या. त्यांनी दारातून पाहिलं: खिडकीत दोन पाय, जमिनीवर काचांचा खच, आणि मधे हात उगारून उभा असलेला एक किडकिडीत म्हातारा. "एका फटक्यात?" त्यांनी हळूच विचारलं, आणि कुणी काही बोलायच्या आत त्या जिना उतरल्यासुद्धा. ही बाई ब्लाउज वेळेवर देत नाही, पण बातमी मात्र मापाच्या आधी पोचवते.

संध्याकाळपर्यंत बाजारात एकच चर्चा. दिसतो बघा कसा, फुंकर मारली तर पडेल, आणि हात पाहिलात का? समोरचा कोण, तर पिंपं फोडणारा सपाटराव! तो कपाटातून आरपार! दुसऱ्या दिवसापासून घड्याळजींच्या दुकानात कुणी घासाघीस करेना. बाजारातला दादा, ज्याला बघून लोक रस्ता बदलत, तो स्वतःचं बंद पडलेलं घड्याळ घेऊन आला, दोन्ही हातांनी पुढे ठेवलं आणि म्हणाला, "काका, सावकाश करा. घाई अशी काहीच नाही." तालमीतला एक पैलवान येऊन पाया पडला आणि विचारायला लागला, की खुराक काय घेता. घड्याळजी म्हणाले, चहात बिस्किट बुडवून. पैलवान हे मनाशी घोकत घरी गेला.

दुसरा कुणी असता तर मिशीला पीळ देऊन हिंडला असता. घड्याळजी मात्र खचले. लोक काय, लोक काहीही बोलतात, पण त्यांनी तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ते दुकानात बसून आपल्या उजव्या हाताकडे टक लावून बघत. मग त्यांनी त्या हातावर लोकरीचा जाड मोजा चढवला, तो हात कायमचा खिशात घातला आणि डाव्या हाताने दुरुस्त्या करायला लागले. बाजारातली घड्याळं मनाला येईल ती वेळ दाखवू लागली, पण तक्रार करायची कुणाची छाती होती? आठवड्याभरात त्यांनी मुलाबरोबर निरोप पाठवला. लग्न नको.

बबडी ऑफिसला गेली, आली. जेवली नाही, एवढंच. सपाटरावांनी चपला घातल्या आणि तडक बाजार गाठला.

"अहो, तुमचा हात मला लागलाच नाही!"

"लागला नाही, तर तुम्ही खिडकीत कसे गेलात?" घड्याळजी म्हणाले.

"सवय हो! धंदा आहे तो माझा."

"सवयीने माणूस लवकर उठतो. सवयीने चहा मागतो. सवयीने कुणी कपाटातून जातं का?" घड्याळजींचे डोळे भरून आले होते. "मला फसवू नका. मीही थोडेफार सिनेमे पाहिलेत. जोरात बसली की माणूस कसा जातो ते मला ठाऊक आहे. अगदी तुम्ही गेलात तस्साच जातो."

"अहो, तो मीच असतो!"

"तेच तर म्हणतोय मी! तुमच्यासारख्या मुरलेल्या माणसाची ही गत. उद्या तुमची पोर माझ्या घरात वावरणार. मी डास मारायला हात उचलला आणि ती नेमकी आडवी आली, तर? तिचं काही बरंवाईट झालं तर मी कुठल्या तोंडाने जगू?"

माणूस वाईट असता तर भांडता आलं असतं. हा तर बबडीच्याच काळजीने बबडीचं लग्न मोडत होता. शेवटी घड्याळजींनीच तोड काढली. "एक करू. मी हा हात वर करतो. तुम्ही टाळी द्या आणि उभे राहा. नुसते उभे राहा. मग माझी खात्री पटेल, की हात साधा आहे. लगेच लग्न लावू."

"एवढंच ना? काढा मोजा!"

घड्याळजींनी मोजा काढला, डोळे मिटले आणि हात वर केला. सपाटराव समोरच्या भांड्यांच्या दुकानात गेले. पातेली, बादल्या, झाकण्या, सगळं बराच वेळ गल्लीभर गडगडत होतं. "छे! कुठे काय!" असा आवाज एका पिंपातून आला, तोवर घड्याळजींनी मोजा चढवून शटर ओढून घेतलं होतं.

आता ही विद्या विसरायची कशी? सपाटरावांना एकच जागा माहीत होती, स्टुडिओ. आणि नशीब बघा, तिथे नेमकं तेच चाललं होतं. नवा दिग्दर्शक आला होता. त्याने शपथ घेतली होती म्हणे, की आपल्या थरारपटात एकही थाप मारायची नाही. बंदूक खरी वागेल, ठोसा खरा वागेल, मरणारा खरा मरेल, म्हणजे तसं दिसेल. त्यासाठी त्याने एक निवृत्त मेजर आणून खुर्चीत बसवले होते. मेजरांचं काम एकच. जे खोटं दिसेल त्याला "असं होत नाही" म्हणायचं.

मेजरांनी त्या सिनेमाची जी काय दैना केली! नायकाने रिव्हॉल्वरची सातवी गोळी झाडली तेव्हा मेजर म्हणाले, "असं होत नाही. सहाच असतात." मग नायक गोळ्या भरायला लागला. घाबरलेल्या माणसाचे हात थरथरतात, मेजर म्हणाले, म्हणून त्याच्या हातून गोळ्या सांडल्या, कोचाखाली गेल्या, आणि खलनायकाला तोवर दुसरं कामच नसल्यामुळे तोही वाकून शोधू लागला. बंद खोलीत बार उडाला की पुढे बराच वेळ ऐकू येत नाही, मेजर म्हणाले. झालं! नायक-खलनायकाचा तो सूडाचा लांबलचक संवाद नुसत्या "काय?", "कोण?", "मोठ्याने बोल!" यावर आला. मुठीने जबडा फुटत नाही, मूठ फुटते, असंही ते म्हणाले. नायकाने ऐकलं नाही, एकदा खराच ठोसा मारला आणि करंगळी मोडून घेतली. मग कथाच बदलावी लागली, आणि मध्यंतरानंतरचा अर्धा सिनेमा नायक प्लास्टर घालायच्या रांगेत बसून काढू लागला. शेवटच्या तुंबळ मारामारीत दोघंजण एकमेकांची कॉलर धरून नुसते धापा टाकत उभे होते. एकाचा बूट निघाला तसा दुसरा म्हणाला, "थांब, घालून घे." मेजरांनी पहिल्यांदाच मान डोलावली. निर्माता त्या दिवसापासून लोकांच्या नजरेला नजर देत नव्हता.

सपाटरावांना यात पहारेकऱ्याचं काम होतं. सुरुवातीलाच गोळी लागते आणि मरतो. बार उडाला आणि सपाटराव पहाऱ्याची चौकी घेऊन मागे गेले.

"असं होत नाही," मेजर म्हणाले.

"मग कसं होतं?" सपाटरावांनी चौकीखालून विचारलं. चिडून नाही हो, अगदी मनापासून विचारलं. गरज त्यांना होती.

मेजर खुर्चीतून उठून चौकीपाशी आले. "गोळीत एवढा धक्का असता, तर झाडणाराही तेवढाच मागे उडाला असता," ते म्हणाले. "माणूस उडत नाही, ओरडत नाही. माझ्या शेजारीच एकजण होता एकदा. तो नुसता खाली बसला. चेहरा असा, की घरी गॅसवर दूध ठेवलंय आणि बंद करायचं राहिलंय, हे आत्ता आठवलं."

"एवढंच?"

"एवढंच. खरं लागलं की माणूस खाली बसतो."

"पण मग बघणाऱ्याला कळणार कसं?"

"कळतं," मेजर म्हणाले. "जरा उशिरा कळतं, पण कळतं."

सपाटरावांनी त्यांचे पाय धरले. लेकीच्या लग्नाचा प्रश्न आहे, मला नुसतं उभं राहायला शिकवा. मेजर शिस्तीचा माणूस, त्यांनी मनावर घेतलं. रोज दुपारच्या सुट्टीत शिकवणी सुरू झाली. मेजर समोर उभे राहून हात उचलायचे आणि सपाटराव जायचे. हळू उचलला, हळू गेले. नुसतं बोट उचललं, तर खुर्चीवरून पडले. डोळ्यांना पट्टी बांधली, तर बाहीची सळसळ ऐकून गेले. शेवटी त्यांना खांबाला बांधलं. खांब सेटवरचा, थर्माकोलचा, तोही बरोबर गेला, आणि खांबावर न्यायालयाचं छत होतं ते न्यायाधीशांच्या डोक्यावर आलं. "लागलं का हो?" सगळ्यांनी विचारलं. "छे!" सपाटराव म्हणाले. न्यायाधीशांनी मात्र दुसरंच काहीतरी म्हटलं, ते इथे सांगण्यासारखं नाही.

मग सपाटरावांच्या डोक्यात आयडिया आली, आणि इथेच सगळा घोळ झाला. आपल्याला उभं राहता येत नाही ना? मग घड्याळजींनाच इथे आणू. सिनेमात माणसं न लागता कशी उडतात ते त्यांना डोळ्यांनी बघू दे, म्हणजे त्यांच्या मनातली भीती जाईल. त्यांनी दुकान बंद ठेवायला लावून, गाडी करून, मोज्यासकट घड्याळजींना सेटवर आणलं, खुर्ची दिली, गार पाणी दिलं. "आता बघा हं," ते उत्साहाने म्हणाले. "एकेकजण कसा उडतो ते."

पण हा सेट कुठला? मेजरांचा! बार उडाला, गुंड खाली बसला. पुन्हा बार उडाला, दुसरा गुंड जिन्याच्या पायरीवर बसला. तिसऱ्याला सुरा लागला, तो स्टुलावर टेकला आणि गॅसवरचं दूध आठवल्यासारखा बघत राहिला. दिवसभरात चांगली डझनभर माणसं मेली, पण उडालं कुणी नाही. घड्याळजींचा चेहरा पांढरा पडत गेला.

"हे खरं असतं का असं?" त्यांनी मेजरांना विचारलं.

"अगदी असंच असतं," मेजर अभिमानाने म्हणाले.

घड्याळजी उठले. "बंदुकीच्या गोळीने माणूस नुसता खाली बसतो," ते म्हणाले, "आणि माझ्या हाताने कपाटातून खिडकीत जातो. सपाटराव, बरं झालं तुम्ही मला इथे आणलंत. माझ्या मनात थोडी शंका होती, तीही गेली." त्यांनी मोजा घातलेला हात दुसऱ्या हाताने घट्ट दाबून धरला आणि चालते झाले. सपाटराव कपाळाला हात लावणार होते, पण स्वतःचाच हात वर येताना दिसला आणि ते मागे पडले. घ्या! तोंडाशी आलेला घास असा आपणच सांडायचा, आणि वर आपणच त्यावर घसरायचं.

घरी बबडीने सगळं ऐकून घेतलं. आईसारखी रडली नाही, बापासारखी पडली नाही. दोन दिवसांनी ती आणि लिफ्टवाला समोर येऊन उभे राहिले.

"बाबा, आम्ही रजिस्टर लग्न करतोय. मेजरकाका साक्षीला येतो म्हणालेत." तिने श्वास घेतला. "आणि ह्याने दुसऱ्या गावी बदली मागून घेतलीय. लांब आहे. तिकडे नव्या उंच इमारती होतायत, लिफ्टचं काम भरपूर आहे. त्याच्या बाबांनाही पटलंय. मी त्यांच्या हाताजवळ नसले की त्यांचा जीव लागेल थाऱ्याला."

"किती लांब?" सपाटरावांनी विचारलं.

"रात्रभराची बस आहे."

"बरं," सपाटराव म्हणाले. "छान आहे की. छानच झालं." आणि मग ते उगीचच आत जाऊन नव्या काचेच्या कपाटाची दारं पुसत बसले.

लग्न झालं. सह्या झाल्या, मेजरांनी आपली सही करताना रजिस्ट्रारला "पेन असं धरत नाहीत" म्हणून घेतलं, सगळे हसले, आणि तिथूनच सामान घेऊन मंडळी बस अड्ड्यावर आली. घड्याळजी मुलगा-सुनेपासून चार पावलं लांब, मोज्याचा हात खिशात. सुनेने वाकून नमस्कार केला तर त्यांनी डाव्या हाताने, तोही कमरेच्या वर न नेता, आशीर्वाद दिला. एका हाताच्या भीतीने दोन घरांची पोरं परगावी चालली होती, आणि त्या हाताने आजवर डासापलीकडे काही मारलं नव्हतं. हे सपाटरावांना कळत होतं, म्हणून तर त्यांना कुणाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

बबडी खिडकीपाशी बसली. हात मागे, नेहमीसारखे. "येते, बाबा," ती म्हणाली आणि मान हलवली. सपाटरावांनीही मान हलवली. बस गुरगुरली, मागे आली, वळली आणि फाटकाकडे निघाली.

आणि मग, तिला वाटलं असेल आता अंतर पडलंय, की ती खरंच विसरली, देव जाणे. खिडकीतून एक हात बाहेर आला, पार कोपरापर्यंत, आणि वेड्यासारखा हलायला लागला. "बाबा! टाटा! बाबा!"

बायकोने डोळे घट्ट मिटले. शिंपीणबाई, त्या येणार नाहीत असं होणारच नव्हतं, पटकन बाजूला झाल्या. फळवाल्याने काही न विचारता गाडी मागे ओढली. घड्याळजींनी एक ट्रंक सरकवली. सपाटरावांच्या पाठीमागे बघता बघता सगळी जागा रिकामी झाली.

सपाटराव उडाले नाहीत. हात हलताना त्यांनी पुरता पाहिला. डोळे न मिटता, तो फाटकाबाहेर जाईपर्यंत पाहिला. मग त्यांचे गुडघे हळूच वाकले आणि ते होते तिथेच, रस्त्याच्या कडेला, खाली बसले. चेहऱ्यावर दुसरं काही नव्हतं. घरी काहीतरी करायचं राहून गेलंय आणि ते आत्ता आठवलंय, एवढंच दिसत होतं.

मेजरांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

सगळ्यांच्या आधी घड्याळजी धावले. धावताना हाताचं भान त्यांना राहिलं नाही. मोजा कधी गळून पडला ते त्यांना कळलं नाही. त्यांनी आपला उजवा हात सपाटरावांच्या अगदी तोंडासमोर नेला, आणि सपाटरावांनी तो धरला. घट्ट धरला, आणि सोडला नाही.

"लागलं का हो?" घड्याळजींनी विचारलं.

सपाटरावांचं तोंड सवयीने "छे" म्हणायला उघडलं. मग मिटलं.

"लागलं," ते म्हणाले. "फार लागलं हो."

"हो," घड्याळजी म्हणाले. बस गेली होती त्या फाटकाकडे त्यांनी एकदा पाहिलं, आणि हात तसाच त्यांच्या हातात ठेवून तेही शेजारी खाली बसले.